मोरपंखी रंगाचं झाकण

"मावशी, हे काय आणलंय?"

मी पिशवीतून पंचा काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि आतलं झाकण काचेच्या काउंटरवर ठेवलं. गाडीत पेट्रोल भरताना बाहेरून जे उघडतात ना, ते तळहाताएवढं झाकण. मोरपंखी रंगाचं.

"या रंगाची लहान बाटली पाहिजे. ओरखडा बुजवायचाय," मी म्हटलं.

दुकानदाराला हसू आलं. "झाकण काढून आणलंत? कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? चाळीस वर्षं ड्रायव्हरच्या घरात काढलीत. अख्खी गाडी पिशवीत मावेना, म्हणून झाकण आणलं."

तो आणखी हसला. मला मात्र हसायला वेळ नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. पाच वाजता आमचे हे गाडी काढून कृष्णेच्या घाटावर फिरायला जायचे, त्याच्या आत झाकण जागेवर बसायला पाहिजे होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची राजी पुण्याहून येणार होती, त्याच्या आत ओरखडा जायला पाहिजे होता.

राजी म्हणजे आमची एकुलती एक लेक. गणपतीत आली होती तेव्हा गाडीचा मागचा कोपरा चेपलेला तिनं बघितला. हे म्हणाले, कुणीतरी ठोकून गेलं. राजीनं त्यांना काही विचारलं नाही, पण जाताना मला मोरीपाशी गाठून म्हणाली, "आई, बाबांचं वय झालं. पुढच्या वेळी गाडीवर एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली मी पुण्याला घेऊन जाणार. मग रडायचं नाही." राजी बोलली की करते. बापावर गेलीय. ती गेल्यावर ह्यांनी तो कोपरा लगेच ठोकून सरळ करून घेतला.

आणि किल्ली गेली तर ह्यांचं काय होणार, ते मला पक्कं माहीत होतं. आकाराम सूर्यवंशी म्हटलं की सांगली डेपोत अजून लोक ओळखायचे. एकतीस वर्षं एसटी चालवली. एक अपघात नाही, कधी कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नाही. त्याचा बिल्ला मिळाला होता, तो काचेच्या चौकटीत घालून देवघराशेजारी लावला होता. रिटायर झाले आणि आठ महिने नुसते खाटेवर. जेवण नको, बोलणं नको, दाढी नको. भिंतीकडं तोंड करून पडायचे. मग मीच हट्ट धरला आणि ही जुनी गाडी घ्यायला लावली. गाडी दारात आली त्या दिवशी ह्यांनी दोनदा दाढी केली. तेव्हापासून गल्लीतल्या कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो की कुणाच्या नवरीचा रुखवत पोचवायचा असो, आकारामभाऊ हजर. माणूस पुन्हा माणसात आला होता. त्या आठ महिन्यांत मला परत जायचं नव्हतं. मला त्याची भीती वाटायची, खरंच सांगते.

आणि त्या दिवशी सकाळी सडा घालताना मला ओरखडा दिसला. डाव्या अंगाला, मागच्या दारापासून चाकापर्यंत, हातभर लांब. कडेला भिंतीचा चुना लागलेला. हे आत पेपर वाचत बसले होते. मी काही विचारलं नाही. चाळीस वर्षांत मी त्यांना गाडीचं विचारलं नव्हतं आणि त्यांनी मला भाकरीचं. हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी झाकण काढलं. दोन बारके स्क्रू, हात लावला की निघाले. मला बाई स्वतःचंच कौतुक वाटलं.

बाहेर पडताना सांगितलं, "दाताच्या डॉक्टरकडं जाऊन येते."

"थांब, सोडतो की," म्हणाले आणि उठलेच किल्ली घ्यायला.

"नको नको! शेजारच्या मंगलला बरोबर घेतलीय. तिला तुमच्या गाडीत मळमळतं."

"माझ्या गाडीत? एकतीस वर्षांत एक पॅसेंजर ओकला नाही माझ्या गाडीत," म्हणाले, पण बसले. मंगलच्या नावावर मी तेवढं पाप लावून निघाले.

आता दुकानदारानं कॉम्प्युटरवर बघून एक बाटली काढली. झाकणाच्या कडेला एक ठिपका लावला, पुसला, पुन्हा लावला. मला न सांगताही दिसलं. बाटलीतला रंग नव्या लुगड्यासारखा कोरा होता आणि आमचं झाकण धुऊन धुऊन विटलेलं.

"मावशी, कंपनीचा रंग हाच. पण तुमची गाडी उन्हात किती वर्षं उभी आहे?"

"आठ. त्याआधी कुणाकडं कशी होती, देव जाणे."

"मग नाही जुळायचा. हा लावलात तर ओरखडा राहील बाजूला, ठिगळच आधी दिसेल."

"अहो, उद्या सकाळी पाहुणे यायचेत."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं असावं. म्हणाला, "मिरजेला जा. रेल्वे फाटकाच्या अलीकडं दस्तगीर मुल्लांचं शेड आहे. ते हातानं रंग मिसळतात, कॉम्प्युटर नाही की काही नाही. माणूस तिरसट आहे, पण नजर आहे त्यांच्याकडं."

झाकण पंच्यात गुंडाळून मी मिरजेचं वडाप पकडलं, माणसं कोंबून नेणारी ती जीप. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शेजारच्या बाईला वाटलं असेल, दागिने घेऊन चाललेय.

दस्तगीरभाई पत्र्याच्या शेडबाहेर स्टुलावर बसले होते. पांढरी दाढी, कपाळावर सरकवलेला चष्मा, हाताच्या रेषारेषांत रंग. माझं सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत त्यांनी झाकण घेतलं, उलटसुलट केलं आणि डोळ्यांजवळ धरलं.

"गाडी कुणाची बाई?"

खरं नाव सांगितलं असतं तर तासाभरात सांगलीच्या स्टँडवर गेलं असतं, आकाराम ड्रायव्हरनं गाडी घासली म्हणून. मी म्हटलं, "भावाची."

"भाऊ कुठं असतात?"

"असतात इथंच. तुम्हाला रंग जुळवायचाय की सोयरीक जुळवायचीय?"

"ओरखडा किती मोठा आहे ते तरी सांगता का?" हसले नाहीत. मी हात पसरून दाखवला. "बसा," म्हणाले, "सावलीत बसा. रंग सावलीत नाही बघता येत, माणसानं बसायला हरकत नाही."

मग त्यांनी वाटीत निळा घेतला, हिरवा घेतला, काडीच्या टोकानं काळा आणि चिमूटभर चांदी, म्हणजे ती चमक येण्यासाठी घालतात ती रुपेरी पूड. पत्र्याच्या पट्टीवर ओढून पट्टी उन्हात धरली. वाळल्यावर झाकणाशेजारी ठेवली, समोरून बघितली, डोकं वाकडं करून बघितली, पाठीमागं जाऊन बघितली. फेकून दिली. पुन्हा वाटी. पुन्हा पट्टी. मला तिसऱ्या पट्टीलाच जुळलेला दिसत होता. मी तसं म्हटलंही.

"जुळलाय ना?" ते म्हणाले. "मलापण तेच दिसतंय. फारच लवकर जुळलाय."

चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला, स्क्रूपाशी नख फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं ते निराळंच. चोराकडं बघावं तसं.

"बाई, हे झाकण तुमच्याकडं कुठनं आलं?"

"म्हणजे? सांगितलं ना, भावाच्या—"

"हा रंग कंपनीचा नाही. कंपनीची चांदी बारीक असते. ही जाड आहे, इथं मिरजेत मिळते ती. हे झाकण मी रंगवलंय. अर्धा तास झाला, माझाच रंग माझ्याच रंगाशी जुळवत बसलोय मी." त्यांनी झाकण माझ्या हातात न देता स्वतःच्या मांडीवर ठेवलं. "हे झाकण आकाराम ड्रायव्हरच्या गाडीचं आहे. खरं सांगा, तुम्ही कोण?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "मी त्यांची मंडळी. शालन."

दस्तगीरभाई स्टुलावरून उठले. चष्मा काढला. "वहिनी," म्हणाले, "आधी नाही का सांगायचं?" आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी तांब्याभांडं आणलं, दुसरं स्टूल आणलं, ते फडक्यानं पुसलं. मला त्या पुसण्याचीच भीती वाटली. कुणाच्या मयताला गेल्यावर आपल्याला असं पुसून बसायला देतात.

"हे येतात तुमच्याकडं?"

"येतात की. या वर्षात आठ-नऊदा आले असतील. ओरखडा कुणाला दिसू नये म्हणून गाडी रस्त्यापलीकडं उभी करतात आणि असंच झाकण काढून आणतात, रुमालात बांधून. सारखं काढून घालून स्क्रूपाशी रंग उडाला होता, म्हणून मीच एकदा झाकण अख्खं मारून दिलं. चहा घेतात, बिल्ल्याची गोष्ट सांगतात. आणि जाताना दर वेळी एकच. दस्तगीर, आमच्या घरी कळू देऊ नकोस. शालनला वाईट वाटेल."

काय सांगू तुम्हाला, मला आधी हसूच आलं. मी त्यांच्यापासून लपवायला मिरजेला आले आणि ते माझ्यापासून लपवायला माझ्याआधीच येऊन गेलेले! डोळ्यांत पाणीही आलं. मला वाटलं, आता घरी जावं, झाकण त्यांच्यापुढं आपटावं आणि म्हणावं, अहो शहाणे, दोघांत मिळून एकच बाटली घेतली असती.

"मग अडचण काय आहे?" मी म्हटलं. "म्हातारपणी घासते एखादवेळी गाडी. आठ नाही, दहादा घासली म्हणून काय झालं?"

दस्तगीरभाई रंगाची वाटी ढवळत राहिले. त्यात आता ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वहिनी, मागच्या महिन्यात एकदा सकाळी आले. रंग दिला, गेले. तासाभरानं परत आले. तेच झाकण, तोच रुमाल. म्हणाले, दस्तगीर, जरा रंग जुळवून दे. मी म्हटलं, भाऊ, आत्ताच तर दिला. तर माझ्यावर डाफरले. म्हणाले, मी महिन्यात इकडं फिरकलोय का? मला वाटलं, चेष्टा करतायत. दिला पुन्हा."

"चेष्टाच केली असेल," मी म्हटलं. "त्यांना सवयच आहे."

"असेल. मग उठले, गाडीत बसले, चालू केली. आणि काच खाली करून मला विचारलं, दस्तगीर, सांगलीला कुठल्या रस्त्यानं जायचं?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी हसलो वहिनी. एकतीस वर्षं त्या रस्त्यावर त्यांची गाडी. मी पोरसवदा होतो तेव्हापासून त्यांच्या गाडीनं सांगलीला गेलोय. मी हसलो, आणि ते नाही हसले. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते माझ्याकडं बघत बसले. घामानं डबडबलेले. मग मी स्कूटर काढली आणि म्हटलं, मलापण तिकडंच जायचंय, माझ्या मागनं या. विश्रामबागच्या चौकापर्यंत मी पुढं आणि आकाराम ड्रायव्हर माझ्या मागं. चौक आला तसा त्यांना उलगडा झाला. हात करून गेले निघून."

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच त्यांच्यावर. "चार मैलांवर घर आहे आमचं! एक माणूस पाठवता आला नाही तुम्हाला?"

"त्यांनी शपथ घातली होती." मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "आणि खरं सांगू का, मला जमलं नाही. माझं काम रंग जुळवायचं. मी जुळवून देत गेलो."

आतल्या फळीवर एक डबा होता, आमच्याच रंगानं भरलेला. हे परत येणार म्हणून दस्तगीरभाईंनी करूनच ठेवला होता. त्यातून त्यांनी लहान बाटली भरली, वर बूच लावलं, कागदात गुंडाळली. झाकण फडक्यानं पुसून माझ्या पंच्यात स्वतः बांधलं. म्हणाले, "रंग जुळेल वहिनी. रंगाची काळजी नाही."

परत येताना वडापमध्ये मी रस्ता बघत बसले. सरळ रस्ता. लहान लेकराला सोडलं तरी चुकणार नाही असा. मला राग येत होता. दस्तगीरवर, राजीवर, आणि ह्यांच्यावर तर इतका, की समोर असते तर हातातली पिशवी मारली असती. मला का नाही विचारला रस्ता? मी सांगितला असता. मी शेजारी बसून रोज सांगितला असता.

घरी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. हे पडवीत झोपले होते, छातीवर पेपर. मी आधी झाकण बसवलं. मग ओरखडा पुसायला फडकं पाहिजे म्हणून डिकी उघडली. फडक्याखाली मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा होता. उघडला. आत बाटल्या, सगळ्या मोरपंखी. मोजल्या तर नऊ. त्यातली एकच फोडलेली, बाकी आठांची बुचं जशीच्या तशी. म्हणजे आठ-नऊदा गाडी घासलीच नव्हती. घासली असेल एकदा-दोनदा. रंग मात्र ते आणतच राहिले होते, कारण आणलाय हेच त्यांना आठवत नव्हतं.

मी डबा होता तसा ठेवला आणि चाकापाशी फतकल मारून बसले. काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून जे करायला निघाले होते तेच केलं. चुना पुसला, बाटली उघडली, बुचाला लावलेल्या ब्रशनं रंग लावायला लागले.

"असा नाही ग," पाठीमागून आवाज आला. "ब्रश उभा धरलास तर रेघा उठतील. निजवून धर."

मला दचकायलाही झालं नाही. ते उठून कधी आले कळलंच नव्हतं. माझ्याशेजारी उकिडवे बसले, माझ्या हातातून ब्रश घेतला. ओरखड्याच्या एका टोकाला टेकवला आणि अलगद ओढत नेला. हात असा स्थिर, की बघत राहावं. थोडं लावायचं, फुंकर घालायची, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं. अर्ध्या तासात ओरखडा कुठं होता ते मलाही सांगता येईना. मग त्यांनी बूच घट्ट केलं, हात पुसले आणि सहज विचारलं, "घासली कुणी ग ही?"

मी त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांत लबाडी नव्हती. खरंच विचारत होते.

"मी," मी म्हटलं. "फाटक लावत होते. वाऱ्यानं सुटलं हातातून आणि कड लागली."

"वेंधळी ती वेंधळीच," म्हणाले, पण रागावले नाहीत. उलट माझ्या गुडघ्यावर थापटलं. "असू दे. उद्या राजी यायचीय, तिला सांगू नको. उगाच बोंबाबोंब करील. आपल्या दोघांतच राहू दे."

त्या दिवशी ते घाटावर गेले नाहीत, रंग ओला होता म्हणून. मला तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी राजी आली ती ओवीला घेऊन. ओवी म्हणजे तिची पाच वर्षांची मुलगी. राजीनं बॅग खाली ठेवायच्या आधी गाडीभोवती चक्कर मारली. डाव्या अंगाला वाकून बघितलं, तळहात फिरवून बघितला. मी दारात उभी. हे माझ्या शेजारी उभे, आणि मला कोपरानं ढोसत होते, हळूच, लहान पोरासारखे खूश होऊन.

"बाबा, गाडी तर अगदी चकाचक ठेवलीय," राजी म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिलाही किल्ली न्यायची हौस नव्हती. "मी उगाच काळजी करत होते हो. आई, बाबा नीट चालवतात म्हणत होतीस, तेच खरं."

मी आत भाकऱ्या थापायला गेले. तवा तापला होता. दुसरी भाकरी उलटताना राजीचा आवाज आला, "बाबा, जेवायला वेळ आहे ना? मग ओवीला जरा गणपतीच्या देवळात फिरवून आणा की गाडीतून. किती दिवस मागं लागलीय."

"चल ग," हे म्हणाले. खुंटीवरची किल्ली काढल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. ओवी टाळ्या वाजवत होती. गाडीचं दार उघडलं, लागलं. दुसरं लागलं.

देऊळ मैलभर नाही. त्यातून दिवसाउजेडी. काय होणार होतं, असं मी स्वतःला म्हटलं. आणखी एक सुट्टी निघून जाईल, मग राजी पुण्याला जाईल, मग मी आहेच शेजारी बसायला. भाकरी करपायला लागली होती. मी तवा तसाच सोडून बाहेर पळाले.

गाडी चालू होती. मी पिठाचा हात खिडकीतून आत घातला आणि किल्ली फिरवून उपसून घेतली.

"शालन! हा काय पोरखेळ?" हे म्हणाले.

"राजी, ही घे," मी किल्ली तिच्या हातात कोंबली. "घेऊन जा पुण्याला. ओवी, उतर खाली बाळा."

"अगं आई, पण झालं काय? एक ओरखडा नाहीय गाडीवर!"

"होता. काल रंगवला." आणि मी सगळं सांगितलं. मिरज सांगितली, दस्तगीर सांगितला, डिकी उघडून डबा दाखवला, नऊच्या नऊ बाटल्या. रस्ता विचारला तेही सांगितलं, त्यांच्यासमोरच सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा सांगू शकले नसते. राजीनं ओवीला पोटाशी धरलं होतं.

हे गाडीतून उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान माझ्याकडं. ते चिडतील, ओरडतील असं मला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"खोटं बोलतेय ही, राजी," ते शांतपणे म्हणाले. "गाडी हिनं घासली. फाटक लागलं हिच्या हातून. मला स्वतः म्हणाली काल. मी हिला म्हटलं, राजीला सांगत नाही, तर बघ, हिनं माझ्यावर ढकललं." मग माझ्याकडं बघून, "शालन, तू म्हणालीस ना? इथंच बसली होतीस. सांग ना तिला."

नेमकी तेवढी एकच गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती.

"मी खोटं बोलले होते तुमच्याशी," मी म्हटलं.

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. एक, मग दुसरा. कुठं ठेवावे ते त्यांना कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. जेवायला हाक मारली तरी तिथंच बसून होते. शेवटी ओवीनं हाताला धरून आत आणलं.

राजी किल्ली घेऊन गेली. डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला दस्तगीरभाईंनी आधीच सांगितलं होतं. दिवाळीच्या आत गाडी विकली. घेणारा गाडीभोवती फिरून म्हणाला, एक डाग नाही हो कुठं, कमाल आहे.

त्यानंतर दोन वर्षं, रोज सकाळी चहा झाला की हे उठून खुंटीपाशी जायचे. "शालन, किल्ली कुठाय?"

"राजीनं नेली."

"तिला कुणी दिली?"

"मी दिली."

त्यांना ते रोज पहिल्यांदाच कळायचं. रोज त्यांचं तोंड तसंच व्हायचं, गाडीत बसून माझ्याकडं बघताना झालं होतं तसं. मंगल म्हणायची, वहिनी, कशाला खरं सांगता, गॅरेजात आहे म्हणावं, घटकाभरात विसरतील. मला नाही जमलं. एकदा खोटं सांगून बघितलं होतं. त्यामुळं रोज सकाळी मी त्यांना सांगायची, आणि त्यानंतर दुपारपर्यंत ते माझ्याशी बोलायचे नाहीत. मी त्या घड्याळाला सरावले होते. चिडतात म्हणजे आहेत, एवढा त्याचा अर्थ होता माझ्यापुरता.

मग एका सकाळी चहा झाला. त्यांनी कप खाली ठेवला आणि तसेच बसून राहिले. मी वाट बघितली. कपबशा विसळून झाल्या, केर काढून झाला, तरी उठले नाहीत. खुंटीकडं बघितलंही नाही. शेवटी मला राहवेना. त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि मीच विचारलं, "अहो, आज किल्ली नको का?"

"कसली किल्ली, बाई?" ते म्हणाले.